शेअर्ड मेलबॉक्स उघडतो, मग त्यातून मेल का जात नाही?

ऑफिसात नवीन माणूस रुजू होतो. आयटीवाला सांगतो, "अकाउंट्सच्या मेलबॉक्सचा ॲक्सेस दिलाय." आउटलुकमध्ये डाव्या बाजूला तो मेलबॉक्स खरंच येऊन बसतो. आलेले मेल वाचता येतात, फोल्डरमध्ये टाकता येतात, नको ते डिलीटही करता येतात. मग तो एका ग्राहकाला पहिलं उत्तर लिहितो, 'फ्रॉम'च्या रकान्यात अकाउंट्सचा पत्ता निवडतो, सेंड दाबतो आणि थोड्याच वेळात मेल परत. सोबत इंग्रजीत एक निरोप, की या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायची तुम्हाला परवानगी नाही. आयटीला फोन लावला तर उत्तर येतं, "ॲक्सेस दिलाय की! माझ्या स्क्रीनवर दिसतोय."

दोघंही खरं बोलत असतात. एक जण वाचण्याच्या परवानगीबद्दल बोलत असतो, दुसरा पाठवण्याच्या. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत हे कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं. त्यात भर म्हणजे पाठवण्याची परवानगीसुद्धा एक नसून दोन प्रकारची असते. एवढी गोष्ट नीट कळली की या प्रकारातली बरीचशी तिकिटं, म्हणजे आयटीकडे नोंदवायच्या तक्रारी, उघडायचीच गरज उरत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या ऑफिसांसाठी आहे, कारण 'शेअर्ड मेलबॉक्स' ही सोय त्या नावाने मुख्यतः तिथे भेटते. गुगलवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

## आधी पत्ता नेमका कसला आहे ते विचारा

'अकाउंट्स', 'एचआर', 'सपोर्ट', 'ॲडमिशन' असे पत्ते बाहेरून सारखेच दिसतात. आत मात्र त्यांचे प्रकार वेगवेगळे असतात, आणि आयटीला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

शेअर्ड मेलबॉक्स म्हणजे कुणा एकाच्या मालकीचा नसलेला खराखुरा मेलबॉक्स. त्यात मेल साठतात, त्याचं स्वतःचं कॅलेंडर असतं. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून छोट्या कंपन्यांना तो परवडतो. त्यात थेट लॉगिन करायचं नसतं. प्रत्येकाने आपापल्या नावाने लॉगिन करून त्यात शिरायचं, अशी त्याची रचना आहे.

डिस्ट्रिब्युशन लिस्टमध्ये काहीच साठत नाही. त्या पत्त्यावर आलेला मेल यादीतल्या सगळ्यांकडे फक्त वाटला जातो. आपण यादीत आहोत, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तरही देता येईल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. यादीत नाव असलं की मेल मिळतो, पाठवण्याची परवानगी ॲडमिनकडून वेगळी घ्यावी लागते.

तिसरा प्रकार एलियसचा, म्हणजे एकाच माणसाच्या मेलबॉक्सला दिलेलं दुसरं नाव. मालकाने स्वतःच्याच मेलबॉक्सला 'इन्फो' असं दुसरं नाव लावून घेतलेलं असतं आणि वर्षभराने तो कर्मचाऱ्याला सांगतो, "इन्फोवरून मेल टाक." इथे द्यायला वेगळा मेलबॉक्सच नाही. शिवाय एलियसवरून पाठवण्याची सोय मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मुळात बंद असते, ॲडमिनला ती संपूर्ण संस्थेसाठी चालू करावी लागते. अशा वेळी परवानग्यांशी झटत बसण्यापेक्षा 'इन्फो' हे नाव त्या मेलबॉक्सवरून काढून त्याचा सरळ शेअर्ड मेलबॉक्स करून घेणं शहाणपणाचं.

## तीन परवानग्या: किल्ली, लेटरहेड आणि 'आदेशानुसार व नावाने'

सरकारी कचेरीतला कागदांचा व्यवहार डोळ्यांपुढे आणा. टपालाच्या कपाटाची किल्ली एका कारकुनाकडे असते. तो आलेली पत्रं काढतो, वाचतो, फायलीला लावतो. पण किल्ली आहे म्हणून तो कार्यालयाच्या नावाने बाहेर पत्र पाठवू शकत नाही. त्यासाठी अधिकार वेगळा लागतो.

किल्ली म्हणजे 'फुल ॲक्सेस'. हिलाच ॲडमिनच्या पडद्यावर 'रीड अँड मॅनेज' असंही म्हटलेलं असतं. नावात 'फुल' असलं तरी ही परवानगी पूर्ण नाही, आणि माझ्या मते निम्म्या गोंधळाचं मूळ या नावातच आहे. मेलबॉक्स उघडणं, वाचणं, हलवणं, पुसणं एवढंच यात येतं. पाठवणं येत नाही.

दुसरी 'सेंड ॲज'. कार्यालयाच्या लेटरहेडवर, कार्यालयाच्या नावाने गेलेलं पत्र. वाचणाऱ्याला फक्त 'अकाउंट्स' दिसतं, टाइप कुणी केलं ते दिसत नाही.

तिसरी 'सेंड ऑन बिहाफ'. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही जीआर काढून बघा. शेवटी लिहिलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि खाली नाव असतं उपसचिवांचं किंवा अवर सचिवांचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, पण सही करणारा माणूसही कागदावर दिसतो. सेंड ऑन बिहाफ नेमकं हेच करतं. मेल मिळणाऱ्याला आउटलुकमध्ये 'अमुक अमुक, ऑन बिहाफ ऑफ अकाउंट्स' असं दिसतं, म्हणजे दोन्ही नावं.

या तिन्ही परवानग्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. किल्ली असून लेटरहेड नसेल, तर वाचता येईल पण पाठवता येणार नाही. उलटही होतं. फक्त सेंड ॲज दिलेलं असेल तर त्या पत्त्यावरून मेल जाईल, पण डाव्या बाजूला मेलबॉक्स दिसणार नाही आणि ग्राहकाचं उत्तर आलं तरी ते वाचता येणार नाही. एखाद्याला सेंड ॲज आणि सेंड ऑन बिहाफ दोन्ही दिलेली असतील तर नेहमी सेंड ॲजच लागू होतं. "दोन्ही नावं दिसायला हवीत, पण एकच दिसतंय" अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच, आणि उपाय म्हणजे सेंड ॲज काढून घेणं.

कुणाला काय द्यायचं? अकाउंट्स, सपोर्ट, ॲडमिशन अशा खात्याच्या पत्त्यांना सेंड ॲज बरं, कारण ग्राहकाला खात्याशी कर्तव्य असतं. साहेबांच्या वतीने त्यांचा पीए मेल करत असेल तर सेंड ऑन बिहाफ द्यावं. साहेबांच्या नावाने सेंड ॲज देणं मला तरी पटत नाही. उद्या वाद झाला तर तो मेल साहेबांनीच लिहिला असं कागदोपत्री दिसणार.

एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सेंड ऑन बिहाफ मेलबॉक्सचा मालक स्वतःच आउटलुकच्या डेलिगेट सेटिंगमधून देऊ शकतो. सेंड ॲज मात्र फक्त ॲडमिनच देतो.

## पाठवणारा एक, नावं दोन: ही सोय १९८२ पासूनची

हे सगळं मायक्रोसॉफ्टने उगाच गुंतागुंतीचं केलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मूळ कल्पना त्यांची नाही. ईमेलचा मजकूर कसा मांडायचा याचे नियम ठरवणारा आरएफसी ८२२ हा दस्तऐवज १९८२ चा. त्यातच 'फ्रॉम' आणि 'सेंडर' असे दोन वेगळे रकाने आहेत. पत्र ज्याचं, तो फ्रॉममध्ये. प्रत्यक्ष पाठवणारा वेगळा असेल, तर तो सेंडरमध्ये. याच नियमाच्या २००८ च्या आवृत्तीत, आरएफसी ५३२२ मध्ये, उदाहरणसुद्धा सेक्रेटरीचंच दिलंय: सेक्रेटरीने दुसऱ्यासाठी मेल पाठवला तर तिचा पत्ता सेंडरमध्ये येईल आणि मूळ लेखकाचा फ्रॉममध्ये.

सेंड ऑन बिहाफमध्ये हे दोन रकाने वेगळे भरले जातात. सेंड ॲजमध्ये पाठवणाऱ्याचं नाव बाहेर जातच नाही.

## घोळ होतो तो परवानगी देतानाच

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मुख्य ॲडमिन सेंटरमध्ये 'शेअर्ड मेलबॉक्सेस' या पानावरून एखाद्याला सदस्य केलं, तर त्याला फुल ॲक्सेस आणि सेंड ॲज दोन्ही आपोआप मिळतात. पण तोच ॲडमिन एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची मेलची यंत्रणा) ॲडमिन सेंटरमध्ये गेला, तर तिथे डेलिगेशनच्या पानावर तिन्ही परवानग्यांच्या तीन वेगळ्या याद्या असतात. त्याने एका यादीत नाव टाकलं आणि पान बंद केलं, की झालं. पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या साधनातून, कमांड देणाऱ्यांचंही तसंच, प्रत्येक परवानगीची कमांड वेगळी.

म्हणून आयटीशी बोलताना "ॲक्सेस द्या" असं मोघम म्हणू नका. "अकाउंट्सवर मला फुल ॲक्सेस आणि सेंड ॲज दोन्ही हवंय" असं म्हणा. समोरच्याला शोधाशोध करावी लागत नाही.

## तपास सुरू कुठून करायचा? ब्राउझरमधून

मेल परत आला की लोक पहिल्यांदा आउटलुक बंद-चालू करतात, मग कॉम्प्युटर बंद-चालू करतात. त्याआधी करायची गोष्ट एकच. क्रोम किंवा एजमध्ये आउटलुकची वेब आवृत्ती उघडा, आपल्याच नावाने लॉगिन करा आणि तिथून त्या पत्त्यावरून मेल पाठवून बघा. नवा मेल उघडल्यावर ऑप्शन्समध्ये 'शो फ्रॉम' असा पर्याय असतो. तो निवडला की फ्रॉमचा रकाना दिसू लागतो. त्यात 'अदर ईमेल ॲड्रेस' निवडून शेअर्ड पत्ता पूर्ण टाइप करायचा आणि स्वतःलाच एक चाचणीचा मेल टाकायचा.

ब्राउझर का? कारण तुमच्या मशीनवरच्या आउटलुकने पत्त्यांची एक प्रत स्वतःजवळ साठवलेली असते आणि ती शिळी असू शकते. ब्राउझर थेट सर्व्हरलाच विचारतो. ब्राउझरमधून मेल गेला तर परवानगी बरोबर आहे, बिघाड तुमच्या मशीनवर. ब्राउझरमधूनही नाही गेला तर परवानगीतच खोट आहे, आणि आउटलुकशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही.

## ब्राउझरमधून जातो, आउटलुकमधून जात नाही

इथे दोषी बहुतेक वेळा फ्रॉमच्या रकान्यात साठलेलं जुनं नाव असतं. तुम्ही 'अका' एवढं टाइप केलं की खाली यादी उघडते आणि आउटलुक पूर्वी वापरलेला पत्ता सुचवतं. तो मेलबॉक्स मध्यंतरी पुन्हा तयार केलेला असेल किंवा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदललेला असेल, तर नाव तेच दिसतं पण मागची ओळख जुनीच राहते. आपल्याला दोन्ही 'अकाउंट्स' सारखे, सर्व्हरला नाहीत. यादीतल्या त्या नावापुढे उजवीकडे छोटी फुली असते. ती दाबून नाव पुसा, मग फ्रॉममधून ॲड्रेस बुक उघडून ग्लोबल ॲड्रेस लिस्टमधून, म्हणजे संस्थेतल्या सगळ्या पत्त्यांच्या यादीतून, तोच पत्ता नव्याने निवडा. एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं.

त्यानेही झालं नाही तर पत्त्यांची साठवलेली प्रत ताजी करायची. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये 'सेंड/रिसीव्ह'च्या टॅबवर 'सेंड/रिसीव्ह ग्रुप्स'खाली 'डाउनलोड ॲड्रेस बुक' आहे. तिथे 'मागच्या वेळेनंतरचे बदलच उतरवा' अशा अर्थाची टिचकी असते, ती काढून पूर्ण यादी उतरवा. आपणहून हे करायचं आउटलुक साधारण दिवसातून एकदाच मनावर घेतं. सकाळी तयार केलेला मेलबॉक्स संध्याकाळपर्यंत आउटलुकला माहीतच नसतो, तो त्यामुळे.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कधीकधी ॲडमिन नीटनेटकेपणा म्हणून शेअर्ड मेलबॉक्स ॲड्रेस लिस्टमधून लपवून ठेवतो. पाठवायच्या दोन्ही परवानग्या डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये चालायच्या असतील तर मेलबॉक्स त्या यादीत दिसायलाच हवा, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलंय. लपवलेला असेल तर परवानगी असूनही मेल जाणार नाही. ब्राउझरमधून जातोय, आउटलुकमधून नाही आणि फुली दाबूनही फरक पडला नाही, तर आयटीला नेमकं हे विचारा.

## ब्राउझरमधूनही जात नाही

परवानगी आत्ताच दिली असेल तर थोडं थांबा. ती सगळ्या सर्व्हरवर पोचायला वेळ लागतो, तासाभराची सोय धरून चालावं. ॲडमिनच्या स्क्रीनवर नाव दिसलं म्हणजे लगेच लागू झालं असं नाही. या तासाभरात परवानगी काढून पुन्हा दिली तर वाट पाहणं पुन्हा शून्यापासून.

तासानंतरही नाही झालं, तर परवानगी व्यक्तीला दिलीय की ग्रुपला, ते बघायचं. मोठ्या ऑफिसात सोय म्हणून पूर्ण टीमचा एक सिक्युरिटी ग्रुप करून त्यालाच परवानगी देतात. पद्धत चांगली आहे, पण तो स्वतःचा मेल पत्ता असलेला ('मेल-एनेबल्ड') सिक्युरिटी ग्रुप असावा लागतो. आणि ग्रुपमधून फुल ॲक्सेस मिळालं तर मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप येऊन बसत नाही, हाताने जोडावा लागतो. "माझ्या शेजारच्याला दिसतो, मला दिसत नाही" या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथे सापडतं. त्याला परवानगी थेट मिळालेली असते, तुम्हाला ग्रुपमधून.

जुन्या कंपन्यांमध्ये अर्धे मेलबॉक्स ऑफिसातल्या सर्व्हरवर आणि अर्धे क्लाउडवर अशी खिचडी असते. तिथे सेंड ॲज एका बाजूकडून दुसरीकडे आपोआप जात नाही, दोन्हीकडे द्यावं लागतं. हे काम आयटीचंच. तुम्ही फक्त आठवण करून द्यायची.

## परत आलेल्या मेलचा आकडा वाचा

परत आलेल्या मेलमध्ये तीन भागांचा एक आकडा असतो. तो बघायचा कंटाळा करू नका, आयटीला सगळ्यात उपयोगी पडते ती हीच गोष्ट.

५.७.६० असेल तर हा वर सांगितलेलाच प्रकार: तुम्हाला या नावाने पाठवायची परवानगी नाही.

५.७.१३३ किंवा ५.७.१२४ असेल तर अडचण तुमच्या पत्त्याची नाहीच. तुम्ही ज्या ग्रुपला मेल पाठवताय तो ग्रुप बाहेरच्यांचे, किंवा ठरावीक लोकांखेरीज इतरांचे, मेल घेत नाही. म्हणजे सुधारणा त्यांच्या बाजूला व्हायला हवी. आपल्याकडे परवानग्या तपासत बसलात तर दिवस वाया.

५.१.८ असेल तर ताबडतोब आयटीला फोन करा. संशयास्पद मेल जात असल्यामुळे त्या खात्याची पाठवण्याची सोयच रोखलीय, असा त्याचा अर्थ. कुणाचा तरी पासवर्ड फुटलेला असण्याची शक्यता असते.

## "मग सगळ्यांना पासवर्डच का देऊ नये?"

हा प्रश्न छोट्या ऑफिसात हमखास निघतो. एक खातं, एक पासवर्ड, तो पाच जणांना माहीत. कसली परवानगी आणि कसलं काय.

पहिली अडचण रोजची. आता दुहेरी पडताळणी सगळीकडे आलीय. लॉगिन करताना फोनवर मंजुरी किंवा कोड लागतो, आणि तो फोन एकाच माणसाकडे असतो. तो माणूस रजेवर गेला की पाचही जण बाहेर. दुसरी अडचण मोठी. कुणी मेल पाठवला, कुणी पुसला, हे कधीच कळत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने सगळे एकच. एक जण नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलून उरलेल्या चौघांना कळवायचा. हे किती ऑफिसात खरंच होतं?

परवानगीच्या पद्धतीत प्रत्येक जण आपल्या नावाने आत येतो. बाहेरच्याला फक्त 'अकाउंट्स' दिसत असलं तरी आत सेंड ॲजने कुणी काय पाठवलं याची नोंद होते. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ही नोंद २०१९ पासून आपोआप चालू असते. माणूस गेला की त्याचं एकच खातं बंद करायचं, बाकी कुणाला काही कळवायची गरज नाही. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी यंत्रणांचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यावर सहा तासांत कळवायची आहे. पाच जणांचा एकच पासवर्ड असेल तर त्या लॉगमध्ये कुणाचं नाव सापडणार?

शेअर्ड मेलबॉक्सच्या मागे तांत्रिकदृष्ट्या एक खातं असतंच. त्याचं थेट लॉगिन बंद ठेवायला मायक्रोसॉफ्ट सांगतं. तुमच्याकडे ते चालू असेल तर आजच बंद करून घ्या.

## "बाहेरचे भामटे आमच्या नावाने मेल टाकतात, अडवता मात्र आम्हालाच"

चिडण्यासारखंच आहे. ईमेल पोचवण्याचा मूळ नियमही १९८२ चाच, आणि त्यात फ्रॉमचा पत्ता खरा आहे का हे तपासायची सोयच नव्हती. कुणीही कुणाचंही नाव लिहावं. आजही बाहेरचा माणूस स्वतःच्या सर्व्हरवरून तुमच्या कंपनीचं नाव टाकून मेल सोडू शकतो.

तुमच्या सर्व्हरवर तुम्ही लॉगिन केलेलं असतं, म्हणून तो तुम्हाला ओळखतो आणि तुमची परवानगी तपासू शकतो. भामटा त्या सर्व्हरवर येतच नाही. त्याला अडवायचं काम मेल घेणाऱ्याच्या सर्व्हरचं, आणि त्यासाठी तुमच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लागतात. या डोमेनचे मेल कुठून निघू शकतात, त्यांच्यावर कुठली डिजिटल सही असेल आणि खोटा मेल आला तर काय करायचं, हे त्या नोंदी जगाला सांगतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने त्या सक्तीच्या केल्या. ऑफिस लहान असलं तरी करून घ्याव्यात, कारण 'आमचा बँक खाते क्रमांक बदललाय' असा खोटा मेल जातो तो अकाउंट्सच्याच नावाने.

## मेल गेला, पण सहकाऱ्यांना दिसत नाही

ही परवानगीची तक्रार नाही, तरी तिच्या पाठोपाठ येतेच. शेअर्ड पत्त्यावरून पाठवलेल्या मेलची प्रत मूळ व्यवस्थेत पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या 'सेंट आयटम्स'मध्ये जाते, शेअर्ड मेलबॉक्सच्या नाही. त्यामुळे एकाने ग्राहकाला उत्तर दिलेलं असतं आणि दुसरा तेच उत्तर पुन्हा देतो. ॲडमिनने त्या मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रत ठेवायचा पर्याय चालू करायचा. सेंड ॲज आणि सेंड ऑन बिहाफसाठी दोन वेगळी बटणं आहेत, दोन्ही चालू करून घ्या.

## स्कॅनर आणि बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर

टॅलीतून बिलं किंवा कॉपिअरमधून स्कॅन थेट मेल करायचे असतात, तेव्हा सॉफ्टवेअरला एक लॉगिन द्यावं लागतं. बहुतेक जण तिथे स्वतःचं लॉगिन टाकतात आणि फ्रॉममध्ये अकाउंट्सचा पत्ता. मग पुन्हा तोच ५.७.६०. सर्व्हरला माणूस आणि मशीन असा फरक कळत नाही. ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याला त्या पत्त्यावर सेंड ॲज हवं. स्वस्त होस्टिंगवरच्या मेलमध्ये हाच निरोप ५५३ या आकड्यासह येतो, की हा पत्ता या लॉगिनच्या मालकीचा नाही. तिथे परवानगी द्यायची सोय बहुधा नसते, त्यामुळे लॉगिन आणि फ्रॉम एकच ठेवणं हा सरळ मार्ग.

## गुगलवर काय?

जीमेलमध्ये यासाठी 'डेलिगेट' नेमतात. साध्या जीमेल खात्याला १० आणि कंपनीच्या वर्कस्पेस खात्याला १,००० पर्यंत डेलिगेट चालतात. आमंत्रणाचा मेल येतो, तो आठवड्याच्या आत स्वीकारावा लागतो आणि स्वीकारल्यावरही खातं दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. इथे वाचणं आणि पाठवणं एकत्रच मिळतं, म्हणून मायक्रोसॉफ्टसारखा घोळ होत नाही. त्याबदल्यात "वाच, पण पाठवू नकोस" असंही सांगता येत नाही. ऑफिसचा पत्ता गुगल ग्रुप असेल, तर तो आपल्या जीमेलमध्ये 'सेंड मेल ॲज'खाली जोडता येतो. पडताळणीचा कोड त्या ग्रुपच्या पत्त्यावर येतो. ग्रुप बाहेरून येणारे मेल घेत नसेल तर कोड पोचतच नाही, आणि माणूस स्पॅममध्ये शोधत बसतो.

## तिकीट असं टाका

"मेल जात नाही, अर्जंट बघा" या तिकिटावर आयटीला काहीच करता येत नाही. पुढच्यासारखं लिहिलं तर पहिल्याच फेरीत काम होण्याची शक्यता बरीच वाढते:

"अकाउंट्स हा शेअर्ड मेलबॉक्स आहे. मला तो उघडता येतो, वाचता येतो. त्याच्या नावाने पाठवलं की मेल परत येतो, आकडा ५.७.६०. ब्राउझरमधूनही हेच होतं. परवानगी काल दुपारी दिली होती. कृपया माझं नाव सेंड ॲजच्या यादीत थेट आहे की ग्रुपमधून, ते बघा. परत आलेला मेल जोडला आहे."

स्क्रीनचा फोटो नको. परत आलेला मूळ मेलच जोडा, कारण आयटीला हवी ती माहिती त्याच्या खालच्या भागात असते आणि फोटोत नेमका तोच भाग कापला जातो.